अंगणातली मोठी दुर्बीण



दुर्बीण दिसली की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "ही किती पट मोठे दाखवते?" प्रश्न साहजिक आहे, पण तो पहिला नव्हे. दुर्बिणीला आधी विचारायचे ते असे, "तू प्रकाश किती गोळा करतेस?" हे एकदा नीट समजले, की हौशी निरीक्षकांना मोठी दुर्बीण का हवी असते, ती इतकी वर्षे त्यांच्या आवाक्याबाहेर का होती आणि ती पुढे आवाक्यात कशी आली, हे सारे एकामागून एक उलगडत जाते.

वाटी आणि परात

पाऊस पडत असताना अंगणात एक वाटी आणि एक परात शेजारी शेजारी ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी कितीतरी जास्त जमते, कारण तिचे तोंड मोठे. ताऱ्यांचा प्रकाशही असाच पावसासारखा पृथ्वीवर पडत असतो. तो गोळा करायची आपली वाटी म्हणजे डोळ्याची बाहुली. गडद अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. दुर्बिणीचा आरसा ही परात.

आता हिशेब करा. गोळा होणारा प्रकाश क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५० मिलिमीटर, म्हणजे ६ इंच व्यासाचा आरसा डोळ्याच्या सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करतो. व्यास दुप्पट करून १२ इंच केला, तर प्रकाश चौपट होतो, म्हणजे डोळ्याच्या अठराशे पटींहून अधिक!

या चौपटीने काय साधते? शौरी तारकासमूहात एम-१३ नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे. लहान दुर्बिणीतून तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. १२ इंची दुर्बिणीतून पाहिला, की तो बोळा विरघळतो आणि त्या जागी साखरेचे कण सांडावेत तसे असंख्य तारे लुकलुकू लागतात. एम-५१ या दीर्घिकेचे सर्पिल बाहू लहान दुर्बिणीत दिसत नाहीत. काळोख्या जागी १२ इंची दुर्बिणीतून ते ओळखू येतात. मात्र छायाचित्रांतले लाल-निळे रंग मिळतील अशी आशा धरू नका. इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, बहुतेक सारे राखाडी दिसते. पण तो प्रकाश कोट्यवधी वर्षे प्रवास करून थेट तुमच्या डोळ्यात शिरलेला असतो, ही गोष्ट काही लहान नाही.

राजेरजवाड्यांचे काम

आरशाची पहिली दुर्बीण न्यूटनने १६६८ मध्ये बनवली. तिचा आरसा जेमतेम दीड इंचाचा होता. विल्यम हर्शल हा पेशाने संगीतकार. त्याने घरीच धातूचे आरसे घासून दुर्बिणी केल्या आणि १७८१ मध्ये सुमारे ६ इंच व्यासाच्या दुर्बिणीतून युरेनस ग्रह शोधून काढला. पुढे १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची दुर्बीण उभारली. आताच उल्लेख केलेल्या एम-५१ चे सर्पिल रूप प्रथम दिसले ते याच दुर्बिणीतून. पण त्यासाठी लॉर्ड रॉस यांच्यासारखा गडगंज जमीनदार असावे लागले.

आपल्याकडेही तसेच घडले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांनी वेधशाळा उभारली. तिला भावनगरच्या महाराजांचे आर्थिक साहाय्य होते, म्हणून तिचे नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. तिच्यातील २० इंची दुर्बीण दीर्घकाळ भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. थोडक्यात, मोठी दुर्बीण म्हटली की राजाश्रय हवाच, अशी स्थिती होती.

खर्च कोठे होतो?

दुर्बिणीत महाग काय असते? एक आरसा आणि दुसरी बैठक. त्यातही बैठकीचा खर्च पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश दर तासाला १५ अंश सरकताना दिसते. दुर्बिणीतून २०० पट मोठे करून पाहत असाल, तर एका वेळी आकाशाचा साधारण पाव अंश भाग दिसतो. आकाशाच्या मध्यपट्ट्यातील तारा तो भाग एका मिनिटात ओलांडून जातो! म्हणून दुर्बिणीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा आणि त्याभोवती ती यंत्राने हळूहळू फिरवायची, अशी पद्धत पडली. हिला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. पुण्यात अशा बैठकीचा आस क्षितिजाशी साडेअठरा अंशांचा कोन करून ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. तिरक्या आसावर जड नळी तोलायची तर समोर वजने हवीत, जाड पोलादी दांडे हवेत, अचूक दंतचक्रे हवीत. आरसा जसजसा मोठा होतो तसतशी बैठक अवजड होत जाते आणि खर्चात आरशालाही मागे टाकते.

ही बैठक फोटो काढण्यासाठी अत्यावश्यक आहे, कारण फिल्मवर तासन् तास प्रकाश साठवावा लागे. पण ज्याला केवळ डोळ्याने पाहायचे आहे, त्याला ती खरोखर हवी आहे का? हा साधा प्रश्न एका संन्याशाने विचारला.

संन्यासी आणि जहाजाची काच

जॉन डॉब्सन यांचा जन्म १९१५ मध्ये चीनमध्ये, बीजिंग येथे झाला. पुढे ते अमेरिकेत रसायनशास्त्र शिकले आणि १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. रामकृष्ण-विवेकानंदांच्या परंपरेतला हा मठ. संन्याशाच्या खिशात पैसे कोठले? तेव्हा डॉब्सन यांनी जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा मिळवल्या. या काचा गोल आणि जाड असतात. तशाच एका काचेपासून त्यांनी १२ इंची आरसा घडवला. त्यातून चंद्र पाहिला आणि हे दृश्य सर्वांनी पाहिलेच पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

दुर्बीण गाड्यावर घालून ते आसपासच्या मुलांना आकाश दाखवू लागले. मठाच्या शिस्तीत हे बसेना. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. १९६८ मध्ये त्यांनी काही तरुण मुलांच्या साथीने रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारी मंडळी जमवली. २०१४ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांनी हेच काम केले. आपल्या रचनेतून त्यांनी पैसा मिळवला नाही, तिचे पेटंटही घेतले नाही.

त्यांची बैठक कशी होती? गडाच्या बुरुजावरची तोफ आठवा. ती डावी-उजवीकडे वळते आणि तिचे तोंड वर-खाली होते. डॉब्सन यांच्या दुर्बिणीला एवढ्याच दोन हालचाली. प्लायवुडची एक पेटी, तिच्या दोन बाजूंच्या खाचांत टेकलेली नळी, आणि पेटीच्या तळाशी मधोमध एक बोल्ट. नळी म्हणजे बांधकामात काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी वापरतात तो पुठ्ठ्याचा मोठा नळा. सारे वजन तळाशी असल्यामुळे दुर्बीण डगमगत नाही आणि तोलाची वजनेही लागत नाहीत.

यातली खरी गंमत आहे ती घर्षणात. जड वस्तू ढकलताना ती आधी अडून बसते आणि मग एकदम पुढे सरकते, हे तुम्ही कपाट ढकलताना अनुभवले असेल. दुर्बिणीला असा हिसका बसला, तर तारा नजरेबाहेर जाईल. टेफ्लॉन या प्लॅस्टिकचे वैशिष्ट्य असे की, ते स्थिर असतानाचे घर्षण आणि सरकतानाचे घर्षण यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे टेफ्लॉनच्या तीन लहान तुकड्यांवर बसवलेली पेटी बोटाने ढकलली तरी अलगद सरकते आणि बोट काढताच तेथेच थांबते. टेफ्लॉनवर सरकायला डॉब्सन ग्रामोफोनची जुनी तबकडी वापरत. आता त्या जागी आपल्या टेबलांवर असतो तसा सनमायका लावतात.

पाहिलेत ना? नवे यंत्र जोडून नव्हे, तर नको असलेले यंत्र काढून टाकून दुर्बीण स्वस्त झाली. १९८० मध्ये अमेरिकेत कूल्टर ऑप्टिकल या कंपनीने याच रचनेची १३.१ इंची दुर्बीण सुमारे ४०० डॉलरला विकायला काढली. मोठ्या दुर्बिणीची वाट पाहत बसलेल्या हौशी मंडळींची त्यावर उडी पडली. आज जगभर अशा दुर्बिणींना 'डॉब्सोनियन' म्हणतात.

तार पाठवणारा पाहुणा

याचा विज्ञानाला काही उपयोग झाला का? ऐका. जुलै १९९५ मधली गोष्ट. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात थॉमस बॉप नावाचे गृहस्थ मित्रांबरोबर आकाश पाहत होते. बांधकाम साहित्याच्या एका कंपनीत ते नोकरी करत. त्यांची स्वतःची दुर्बीणही नव्हती. मित्राच्या घरी बनवलेल्या १७.५ इंची डॉब्सोनियनमधून धनू राशीतला एम-७० हा तारकागुच्छ पाहताना त्यांना शेजारी एक पुसट ठिपका दिसला. नकाशात तो नव्हता! घरी जाऊन त्यांनी तारेने ही बातमी कळवली. त्याच रात्री अ‍ॅलन हेल यांनीही तो ठिपका स्वतंत्रपणे पाहिला होता. तोच हेल-बॉप धूमकेतू. १९९७ मध्ये साऱ्या जगाने तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

आरसा हाताने घडतो

आता दुसरा खर्च, आरशाचा. ६ इंची आरसा तुम्ही स्वतः घडवू शकता. सारख्या आकाराच्या दोन काचा घ्यायच्या. त्यांच्यामध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून वरची काच खालचीवर मागे-पुढे घासायची. घासता घासता वरची काच आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. आरशाचे नाभ्यंतर ४८ इंच हवे असेल, तर मध्याची खोली किती लागते? फक्त १.२ मिलिमीटर! मग अधिकाधिक बारीक पूड, आणि शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने चकाकी.

अवघड भाग यापुढे आहे. आरशाचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून सुमारे ७० नॅनोमीटरपेक्षा जास्त चुकता कामा नये. ही चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी! ती मोजायची कशी? फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने १८५८ मध्ये दाखवून दिले, की एक दिवा आणि दाढीचे पाते यांसारखी धार एवढ्यावर हे काम भागते. आरशावरून परतलेल्या किरणांना पात्याने हळूच अडवले, की आरशावरचे सूक्ष्म उंचवटे सावल्यांच्या रूपाने डोळ्यांसमोर उभे राहतात. शेवटी निर्वात पात्रात काचेवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. पुण्याच्या आयुका या संस्थेत विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत.

पुढे काय?

मोठ्या दुर्बिणी आणखी आवाक्यात येतील, अशी चिन्हे आहेत. आरसे पातळ होत आहेत. पुठ्ठ्याच्या नळ्याऐवजी सुटे होणारे दांडे वापरल्याने मोठी दुर्बीणही मोटारीत मावते. तारा शोधून देणारे छोटे संगणक डॉब्सोनियनला जोडले जात आहेत. नव्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांना लहान आरशातूनही पुष्कळ दिसते.

पण एक गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही, ती म्हणजे काळोख. मोठी परात जशी पावसाचे पाणी जास्त जमवते तशीच गटारीचे पाणी उडाले तर तेही जास्त जमवते. शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली १२ इंची आरसा तो उजेडही तेवढ्याच इमानाने गोळा करतो आणि मंद दीर्घिका त्यात बुडून जाते. चंद्र आणि ग्रह शहरातूनही छान दिसतात, पण दीर्घिकांसाठी गावाबाहेरच जावे लागते. आपल्या राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती म्हणूनच महत्त्वाची. दुर्बीण स्वस्त होत असताना काळोख महाग होत चालला आहे. गच्चीवरचा अनावश्यक दिवा मालवणे आणि रस्त्यावरच्या दिव्याला वरून झाकण असावे असा आग्रह धरणे, ही दुर्बीण घेण्याइतकीच आकाशाची सेवा आहे.

तोवर तुम्ही काय कराल? आधी नुसत्या डोळ्यांनी तारकासमूह ओळखायला शिका. मग साधी द्विनेत्री मिळवा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे. अशा मंडळींबरोबर एक रात्र काढा आणि त्यांच्या दुर्बिणींतून पाहा. त्यानंतरच ६ किंवा ८ इंची दुर्बिणीचा विचार शाळेत चार मित्र मिळून करा. आणि एक ताकीद कायम लक्षात ठेवा : दुर्बीण कधीही सूर्याकडे रोखून तिच्यातून पाहू नका. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते.

दुर्बीण तयार झाली की ती कपाटात ठेवू नका. एखाद्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मांडा, शनीवर रोखा आणि भाजी घेऊन घरी निघालेल्या आजींना बोलवा. शनीची कडी पाहून त्या तुम्हांला जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे मात्र आधी तयार ठेवा!