पित्तरसाचे खेळते भांडवल

छातीत जळजळले, डोके दुखले की आपल्याकडे सर्रास ‘पित्त झाले’ असे म्हणतात. बहुतेक वेळा ती जठरातील आम्लाची तक्रार असते. यकृतात तयार होणारा पित्तरस निराळा. आणि त्याचा हिशेब दिग्रसच्या कापूस बाजारात हयात गेलेल्या व्यापाऱ्यास सहज उमगेल असा आहे.

प्रौढ माणसाचे यकृत दिवसाकाठी सुमारे ६०० मि.ली. ते १ लीटर पित्तरस तयार करते. दोन जेवणांच्या दरम्यान त्यातील बराचसा पित्ताशयात साठतो. ही पिशवी जेमतेम ३० ते ५० मि.ली.ची, परंतु तिचे अस्तर पाणी शोषून रस कित्येक पट घट्ट करते, म्हणून लहान कोठारात मोठा माल मावतो. तुपातेलाचा अंश लहान आतड्याच्या आरंभी पोहोचला की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्या निरोपासरशी पित्ताशय आकुंचन पावते, नळीच्या टोकाची झडप सैल होते आणि रस आतड्यात उतरतो. त्यातील पित्तक्षार साबणाप्रमाणे स्निग्धांशाचे बारीक थेंब करतात. पुढील पचन स्वादुपिंडाच्या रसाचे.

खरी मौज यानंतरच आहे. शरीरातील पित्तक्षारांचा एकूण साठा अवघा ३ ग्रॅमच्या आसपास. एवढ्यावर दिवसभराचे स्निग्ध अन्न पचणे शक्य नाही. म्हणून काम आटोपताच लहान आतड्याच्या अखेरच्या भागात सुमारे ९५ टक्के क्षार पुन्हा शोषले जातात व रक्तावाटे यकृतात परततात. अशा फेऱ्या दिवसात ६ ते १० होतात. बँकेत असताना कॅश-क्रेडिट खात्यांची उलाढाल मी वर्षानुवर्षे तपासली. इतके चोख खाते क्वचितच आढळले. रोजची अर्ध्या ग्रॅमच्या आसपासची तूट यकृत कोलेस्टेरॉलपासून भरून काढते. इसबगोल पित्तक्षारांना धरून बाहेर नेतो; मग यकृतास अधिक कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते आणि रक्तातील प्रमाण काहीसे उतरते.

चौविहारापासून नवकारशीपर्यंतचा खंड पित्ताशयास सहज पेलतो. अठाई वा मासखमणाची गोष्ट वेगळी. आतड्यात स्निग्ध काहीच न आल्याने निरोप जात नाही, पित्ताशय पुरेसे रिते होत नाही आणि घट्ट रसाचा गाळ बसू लागतो. दीर्घ उपवास व झपाट्याने घटणारे वजन ही खडे होण्याची वैद्यकास मान्य असलेली कारणे आहेत. ज्यांना पूर्वीच खडे आहेत त्यांनी तपापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या आहाराने करण्याची आपली रीत मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. आग्रहाने तुपाचा शिरा वाढणारी मंडळी मात्र ती मोडतात. जड स्निग्ध अन्नाने पित्ताशय जोराने आकसते आणि खडा तोंडाशी अडकू शकतो. उजव्या बरगडीखाली उठून खांद्याकडे जाणारी कळ, सोबत ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खडे विरघळविण्यासाठी काहींना दिले जाणारे अर्सोडीऑक्सीकोलिक आम्ल बहुधा गुरांच्या पित्तापासून बनते, हे आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असते. शस्त्रक्रियेने पित्ताशय काढल्यास यकृताचा रस साठ्याविना थेट आतड्यात झिरपत राहतो आणि बहुतेकांचे जेवणखाण पूर्ववत चालते.