उघड्या हातांची कमाई

अमेरिकेत डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये उन्हाळ्यात जुन्या पद्धतीचा बेसबॉल खेळतात. हातमोजे नसतात. सामना बघायला गेलो तेव्हा फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरचे हात नीट दिसतील अशी जागा मुद्दाम धरली. चेंडू खालून येतो, पण असतो चामड्याचाच. कॅचर बोटं चेंडूच्या रोखाने धरतच नाही. मनगटं जुळवून तो ओंजळ सैल ठेवतो आणि चेंडू तळव्याला टेकताक्षणी हात पोटाशी घेतो. हात ताठ राहिला, तर चेंडू उसळून सुटतो आणि बोट दुखावतं ते वेगळंच.

एकोणिसाव्या शतकात जेम्स ‘डीकन’ व्हाइट या कॅचरने याच कौशल्यावर पोट भरलं. ४ मे १८७१ रोजी फोर्ट वेन इथे नॅशनल असोसिएशन या पहिल्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला. क्लीव्हलँडकडून फलंदाजीला सर्वांत आधी तोच उतरला आणि त्याने दोन बेसचा फटका मारला.

त्या काळी पिचर ४५ फुटांवरून चेंडू टाकत असे. कॅचरच्या तोंडावर जाळीसुद्धा नव्हती. चेंडू मागे सुटला की बेसवरचा गडी पुढे पळालाच! त्यामुळे पिचरने किती जोर लावायचा, हे कॅचरच्या हातांवर ठरायचं. स्पाल्डिंगसारख्या नामवंत पिचरमागे व्हाइटचे हात उभे होते. १८७३ ते १८७७ ही सलग पाच वर्षं व्हाइट ज्या संघात होता, तोच संघ विजेता ठरला. आधी बॉस्टन, मग शिकागो, पुन्हा बॉस्टन.

पुढे तो तिसऱ्या बेसवर खेळू लागला. १८८८च्या हंगामानंतर डेट्रॉइटचा संघ मोडला आणि मालकांनी त्याला पिट्सबर्गला विकलं. आपल्याला विकणार असाल तर त्या पैशात आपलाही वाटा हवा, असं त्याने ठणकावून सांगितलं. १८९० साली तो खेळाडूंनीच उभारलेल्या लीगमध्ये बफेलोकडून खेळला आणि निवृत्त झाला.

१९३९ साली, वयाच्या ९१व्या वर्षी तो गेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं ते २०१३ साली. हा उशीर मला खटकतो. धावा आणि बळी आकड्यांत राहतात. दुसऱ्याच्या वेगाला आधार देणारे हात मात्र हिशेबात मागे पडतात. अशा खेळाडूंची कदर त्यांच्या हयातीतच व्हायला हवी.