पेटका की आणखी काही?

गेल्या श्रावणात मी कुळगीला मामांकडे गेलो होतो. दांडेलीहून अंबिकानगरला जाणाऱ्या रस्त्यावरचे, जंगलाला लागून असलेले हे गाव. संध्याकाळी चहा चालला असताना पडवीतली काळी एकाएकी केकाटली. पाहतो तो तिचे मागचे दोन्ही पाय काठीसारखे ताठ झालेले आणि अंग थरथरत होते. तीन आठवड्यांपूर्वीच तिला सहा पिल्ले झाली होती.

"वांब आलाय. तेल आणा," मामा म्हणाले. "सेळेत इरबेकु," मामींनी आपल्या माहेरच्या भाषेत दुजोरा दिला. मीही कोमट खोबरेल घेऊन पाय चोळायला बसलो. थंडी वाजत असेल म्हणून वर गोणपाट घातले.

पाऊण तास असा गेला. काळी जोराने धापा टाकू लागली, अंग हाताला चटका बसेल इतके तापले, तेव्हा कुठे आम्ही तिला गाडीत घालून दांडेलीला नेले. बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, पण त्या दिवशी संपता संपेना. डॉक्टरांनी आधी पिल्लांची चौकशी केली आणि लगेच शिरेतून, हळूहळू, कॅल्शियम दिले. अर्ध्या तासात थरथर थांबली. मग ते म्हणाले, "हा पेटका नव्हे. दुधावाटे रक्तातले कॅल्शियम कमी झाले. आणखी थोडा वेळ चोळत बसला असता तर हातची गेली असती. आणि अंगात ताप असताना पांघरूण कशाला?" मी मान खाली घातली.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली आहे. पेटका ओळखता येणे हे त्याच्यावरच्या उपायाइतकेच महत्त्वाचे आहे.

खरा पेटका कसा असतो?

पेटका म्हणजे स्नायू आपोआप आवळला जाणे. बहुधा तो एकाच पायात येतो. पाय ताठतो, मांडीला हात लावला तर घट्ट गोळा लागतो, कुत्रे विव्हळते; पण ते शुद्धीवर असते आणि हाक मारली की आपल्याकडे पाहते. काही मिनिटांत गोळा उतरतो. चार दिवस साखळीला बांधलेले कुत्रे एकदम मोकळे सोडले, उन्हात फार धावले किंवा पाणी कमी प्यायले की असे होते. आपल्या भागात अनेकांकडे मुधोळी कुत्री आहेत. ही जात धावण्यासाठीच नावाजलेली; २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. अशा कुत्र्याला रोज थोडे थोडे फिरवावे. आठवड्यातून एकदाच दमछाक करू नये.

त्या वेळी काय करावे?

प्रथम त्याला सावलीत, सपाट जागी आणावे. दुखत असताना घरचे लाडके कुत्रेही चावू शकते, म्हणून तोंडाजवळ वाकू नये. बाजूने, नाव घेत जावे. मांडीचा स्नायू तळहाताने हलकेच चोळावा. पाय हळू सरळ होत असेल तर होऊ द्यावा, ओढू नये. कोमट पाण्यात पिळलेले फडके आपल्या मनगटावर लावून पाहावे आणि मगच पाच-दहा मिनिटे शेकावे. थोडे थोडे पाणी पाजावे. गोळा उतरल्यावर चार पावले चालवून त्या दिवशी विश्रांती द्यावी. पाय सुजला असेल, वाकडा दिसत असेल किंवा टेकवतच नसेल तर मात्र चोळू नये. हाड किंवा सांध्याचा दोर दुखावलेला असू शकतो.

पेटका नव्हे हे कसे ओळखावे?

पिल्लांना पाजणारी कुत्री अस्वस्थ झाली, ताठ चालू लागली, थरथरू लागली तर ती वेळ घरगुती उपायाची नव्हे. पिल्ले बाजूला काढून तिला थेट डॉक्टरांकडे न्यावे. गाभण असताना मनानेच कॅल्शियमच्या गोळ्या चारल्याने हा धोका टळत नाही, उलट वाढू शकतो. कुत्र्याच्या अंगाचा नेहमीचा ताप सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो, पण सतत थरथरून तो फार चढतो. म्हणून पांघरूण घालू नये.

शुद्ध हरपून चारही पाय झाडणे, लाळ गळणे, लघवी होणे ही फिटची लक्षणे. तोंडात चमचा किंवा हात घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर जिवावरचे प्रसंग समजावे. गुरांचे गोचिडाचे औषध कुत्र्याला चोपडल्यानेही लाळ व थरथर सुरू होते. रानातून आल्यावर पाय लुळे पडू लागले तर सर्पदंशाची शंका घ्यावी. गोचिडांतून, म्हणजे कन्नडमधल्या उण्णींतून होणाऱ्या तापातही कुत्री लंगडतात. लस न दिलेल्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले, आवाज बदलला, लाळ गळू लागली तर रेबीजच्या भीतीने दूरच राहावे.

आणखी एक कळकळीची सूचना. आपल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या औषधांनी त्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यापेक्षा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे आणि घड्याळ पाहून वेळ लिहावी. दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षणे थांबलेली असतात, तेव्हा हेच उपयोगी पडते.

काळी आज धडधाकट आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पिल्लांना वरचे दूध लावले आणि सहाही जगली. मामींनी पडवीच्या भिंतीवर खडूने डॉक्टरांचा नंबर लिहिला आहे. तेलाची बाटली अजूनही तिथेच असते. पण आता काळी जरा लंगडली तरी मामा आधी घड्याळ पाहतात.