माळ्यावरची सरस्वती

पितृपक्ष सरत आला, की घरोघरी नवरात्राची आवराआवर सुरू होते. भिंती झटकल्या जातात, देवघराची भांडी चिंचेने लखलखतात आणि वर्षभर अडगळीत साचलेल्या वस्तूंसमोर गृहिणी क्षणभर थबकते. टाकवत नाही, वापरातही नाही, अशा प्रत्येक वस्तूसाठी आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे: "राहू दे माळ्यावर." त्या वाक्यासरशी वस्तू दृष्टीआड होते आणि मनावरचा भार उतरतो.

याच दिवसांत, आश्विन शुक्ल पक्षात मूळ नक्षत्रावर आपण सरस्वतीचे आवाहन करतो, पूर्वाषाढा नक्षत्रावर तिचे पूजन करतो आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन. विजयादशमीला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखून तिच्यापुढे ग्रंथ मांडतो. मांडलेल्या ग्रंथांना गंधफूल मिळते. परंतु पणजोबांच्या हातची पोथी त्या वेळी कोठे असते? बहुधा माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत.

पोथीचे शत्रू

पूर्वीचे लेखनिक ग्रंथ लिहून झाला, की शेवटी पोथीच्याच तोंडून वाचकाला विनंती करीत. अग्नीपासून, पाण्यापासून, तेलापासून, उंदरापासून आणि सैल बांधणीपासून मला राख, असा त्या विनंतीचा आशय असे. मूर्खाच्या हाती मला देऊ नकोस, असेही पोथी बजावून सांगे. या यादीत तापलेल्या माळ्याचे नाव मला कोठे आढळले नाही. त्याचे कारण उघड आहे. त्या काळच्या घरांवर पत्रे नव्हते.

आमच्या पंढरपूरच्या बाजूला जुन्या घरांना माळवद असे. सागवानी तुळया, त्यांवर किलचने आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला, तरी त्या मातीखालची खोली गार राही. कोकणात कौले असत आणि त्यांच्या फटींतून वारा खेळे. पोथीचा कागदही हातबनावटीचा, जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा. शाई काजळाची, आणि चुकले तेथे हरताळ फासलेला. हरताळ विषारी असल्याने कसरही अशा पानांच्या वाटेला सहसा जात नसे. वर लाकडी फळ्या आणि त्यांभोवती खारव्याचे बासन. अशी पोथी दोनशे वर्षे टिकली, त्यात नवल नाही.

पुढे माळवदे गळू लागली, म्हणून उतरवली गेली आणि त्यांच्या जागी पत्रे आले. घर बदलले, "माळ्यावर ठेव" ही सवय मात्र बदलली नाही. गफलत झाली ती येथे.

एका वहीची कथा

ही गफलत मी स्वतः केली आहे. माझे वडील कीर्तनकार होते. पूर्वरंगाची निरूपणे, उत्तररंगाची आख्याने, कोणत्या पदाला कोणती चाल, कोठे टाळी घ्यावी आणि कोठे थांबावे, हे सारे त्यांनी शाळेच्या साध्या वह्यांत लिहून ठेवले होते. त्यांच्या पश्चात त्या वह्या मी भक्तिभावाने रेशमी उपरण्यात बांधल्या, ट्रंकेत ठेवल्या आणि ट्रंक माळ्यावर चढवली. पंधरा उन्हाळे गेले. एका आख्यानाची चाल आठवेना, म्हणून ट्रंक उतरवली, तेव्हा पाने तपकिरी पडली होती. बोट लावताच पापडासारखी मोडत होती. अर्ध्याहून अधिक आख्याने गेली. उपरणेही घडीवर विरले होते.

देवघराच्या कपाटात आजोबांची पोथी होती. वयाने कितीतरी जुनी असून ती मात्र धडधाकट निघाली. नंतर जाणकारांकडून कारण कळले. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल असते. उष्णता जितकी अधिक, तितके ते आम्ल वेगाने कागदाचा तंतू तोडते. बंद ट्रंकेत उन्हाळ्याची धग आणि पावसाळ्याची दमट हवा दोन्ही कोंडतात.

काय ठेवावे, काय ठेवू नये

तेव्हा यंदा माळा आवरताना थोडा विवेक करावा. तांब्यापितळेची मोठी पातेली, घंगाळे, लोखंडी चूल, समया हे सारे खुशाल वर ठेवावे. उष्णतेने त्यांचे काही बिघडत नाही. पोथ्या, वह्या, जन्मपत्रिका, जुनी छायाचित्रे, कीर्तनाच्या ध्वनिफिती, पैठणी आणि रेशमी सोवळे मात्र वर नेऊ नये. पेटी, पखवाज आणि तंबोराही नको. सांधे सुटतात, कातडे ताणून फुटते, भोपळ्याला चीर जाते. कापूर, तेल, मेणबत्त्या आणि विशेषतः दिवाळीचे उरलेले फटाके पत्र्याखाली ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

पोथ्यांसाठी घरातील मधल्या खोलीचे, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट उत्तम. जुने बासन फाटले असेल, तर धुतलेले, कोरडे सुती कापड घ्यावे. आश्विनात पोथी उघडून वारा द्यावा, पण सावलीत, उन्हात नव्हे.

ठेव कोणाची?

मनुस्मृतीत व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत ऋणादानानंतर लगेच येतो तो निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. याज्ञवल्क्य सांगतात, की राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली, तर सांभाळणाऱ्यावर तिचा भार नाही. हयगयीला मात्र शास्त्र अशी सूट देत नाही. वडिलांच्या वह्या गेल्या, त्या दैवाने नव्हे. त्यांना पत्र्याखाली मी ठेवले. पूर्वजांची पोथी आपल्या मालकीची नसून पुढच्या पिढीची आपल्याकडे असलेली ठेव आहे, हे मला फार उशिरा उमगले.

"बासनात गुंडाळणे" याचा अर्थ मराठीत "विषय बाजूला टाकणे" असा झाला, हे सूचक आहे. माळा ही जपण्याची जागा नव्हे. निर्णय लांबणीवर टाकण्याची जागा आहे. आपण निर्णय घेतला नाही, तर ऊन तो घेते.

घरात वाचणारे कोणी उरले नसेल, तर लाज बाळगू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरांतील दप्तरे मिळवीत. त्यांतूनच 1898 पासून "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचे 22 खंड उभे राहिले. पुण्यात 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1917 सालचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. अशा ठिकाणी विचारावे. पोथी देणे जिवावर येत असेल, तर निदान प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र काढून ते दोन-तीन नातलगांकडे ठेवावे. आज घरातील शाळकरी मुलगाही हे काम करू शकतो.

माझ्या उरलेल्या वह्या मी आता कपाटात ठेवल्या आहेत. नाहीशी झालेली आख्याने आठवतील तशी पुन्हा लिहीत आहे. चाली मात्र परत येत नाहीत.

विजयादशमीला आपण सीमोल्लंघन करून शमीची पूजा करतो आणि सोने लुटतो. त्याआधी एक छोटे उल्लंघन घरातच करावे. शिडी लावावी, ट्रंक खाली घ्यावी आणि पाटीवरच्या सरस्वतीशेजारी माळ्यावरच्या सरस्वतीलाही पाट मांडावा.