तेलाचा डाग आणि त्याचा उगम

चेन्नई शहरातील मैलापूर ही फार जुनी वस्ती आहे. कपालीश्वराचे मंदिर, त्याच्या पश्चिमेचे विस्तीर्ण तळे आणि या दोहोंभोवतीच्या माडवीथी यांच्या आधाराने ती वाढत गेली. पंगुनी महिन्यातील उत्सवात या वीथींतून देवाचा रथ ओढला जातो. वीथी रुंद आहेत. त्यांना फुटणाऱ्या गल्ल्या मात्र अरुंद आहेत, आणि आज त्याच गल्ल्यांतून लोकांच्या मोटारगाड्या उभ्या असतात. फुलांच्या टोपल्या, भाजीच्या पाट्या आणि दुचाक्या यांतून वाट काढीत गाडी भिंतीलगत लावावयाची, म्हणजे चालकाला स्टिअरिंगचे चाक जागच्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनचार वेळा फिरवावे लागते. धावत्या गाडीची चाके सहज वळतात. उभ्या गाडीची चाके वळविताना टायर रस्त्यावर घासतो आणि सर्वांत अधिक बळ लागते. अशा वस्तीत वापरल्या जाणाऱ्या जुन्या गाडीत पॉवर स्टिअरिंगचा पंप गळू लागला, तर त्यात नवल नाही.

अँबॅसॅडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्या मुळात चालकाच्या दंडातील बळावरच वळत असत. हे बळ यंत्राकडून घेण्याचा विचार त्याहून कितीतरी जुना आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग गाडीला बसवून दाखविले. परंतु सर्वसामान्य ग्राहकाला ते विकत मिळू लागले १९५१ मध्ये, क्रायसलर कंपनीच्या गाडीत. भारतात मध्यम किमतीच्या गाड्यांतून ही सोय रुळली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यात चेन्नईच्या परिसराचा वाटा मोठा होता. मित्सुबिशी लान्सर तिरुवळ्ळूर येथे, तर १९९९ साली आलेली फोर्ड आयकॉन मरैमलैनगर येथे तयार होत असे. आता या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले आहे, पण त्यांतील काही गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करवून नव्याने करावी लागते. तेवढे वय ओलांडलेल्या गाडीच्या मालकाला पंप गळण्याचा अनुभव कधी ना कधी येतोच.

अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तेल नसते, पंपही नसतो. विजेची मोटर चाके वळविण्यास साहाय्य करते. जुन्या गाडीची रचना निराळी आहे. तेथे इंजिनाच्या पुढील बाजूस पट्ट्याने फिरणारा एक पंप असतो. त्याच्या पोटात एक चकती असून तिच्या कडेच्या खाचांत पातळ पोलादी पाती सैल बसविलेली असतात. चकती फिरू लागली की पाती बाहेर सरकतात आणि भोवतालच्या लंबगोल कड्याला टेकतात. कडे लंबगोल असल्यामुळे दोन पात्यांमधील जागा क्षणात मोठी आणि क्षणात लहान होते. जागा मोठी होताना डब्यातील तेल आत ओढले जाते, लहान होताना ते दाबाने बाहेर ढकलले जाते. हे तेल जाड नळीवाटे रॅकपर्यंत, म्हणजे चाके वळविणाऱ्या दांडीच्या घरापर्यंत पोहोचते आणि तेथील काम आटोपून दुसऱ्या नळीने डब्यात परत येते. चाक पूर्ण टोकाला नेले असता तेलाचा दाब चौरस इंचास हजार पौंडांच्याही पुढे जाऊ शकतो. टायरमधील हवेचा दाब तीस पौंडांच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या नळ्यांवर आणि रबरी कड्यांवर केवढा ताण येतो ते कळेल.

ताण आणि उष्णता यांमुळे रबर कालांतराने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. चेन्नईचा उन्हाळा आणि इंजिनाची उष्णता यांत भर घालतात. मैलापूरच्या पूर्वेस समुद्र अगदी जवळ आहे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी नळ्या आणि त्यांचे आवळपट्टे गंजतात. या सर्वांचा परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे गाडीखाली पडलेला डाग. डाग एकच असला तरी त्याची कारणे मात्र अनेक असतात आणि येथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिली गोष्ट अशी की, गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब तेलाचा नसतो. दमट हवेत वातानुकूलन यंत्रातून पाणी सतत ठिबकते. चेन्नईत तर बाराही महिने. तो थेंब रंगहीन असतो आणि बोटाला चिकटत नाही. रेडिएटरमधील द्रव बहुधा हिरवा वा लालसर असून त्याला गोडसर वास असतो. इंजिनाचे तेल काळपट असते. पॉवर स्टिअरिंगचे तेल पुष्कळ गाड्यांत लाल असते. जुने झाले की ते तपकिरी होते आणि त्याला जळकट वास येतो. रात्री गाडीखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरून ठेवला असता सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही स्पष्ट दिसतात. त्याच वेळी डब्यातील पातळी पाहावी. पातळी उतरत नसेल, तर गळती दुसरीकडची आहे.

गाडी स्वतःही काही खुणा देते. चाक वळविताना पंपातून कण्हल्यासारखा आवाज येणे, सकाळी पहिल्या वळणाला स्टिअरिंग जड वाटणे, डब्यातील तेलावर फेस दिसणे, या सर्वांचा अर्थ तेल कमी झाले आहे आणि त्यात हवा शिरली आहे, असा होतो. या खुणांकडे डोळेझाक करणे धोक्याचे असते. तेल संपले तरी गाडी वळतच नाही असे नाही, कारण स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक सांधा कायम असतो. मात्र लझ कॉर्नरसारख्या गर्दीच्या चौकात वळताना चाक एकाएकी जड झाले, तर चालकाचा अंदाज चुकतो. शिवाय गळलेले तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडले, तर पेटही घेऊ शकते.

समजा, अशी गाडी घेऊन एखादे निवृत्त गृहस्थ गल्लीतील कारागिराकडे गेले. इंजिनाचा पुढील भाग तेलाने माखलेला आहे, पंप ओला आहे. त्यावरून ‘पंप गेला, नवा घालावा लागेल’ असा निर्णय दिला जातो. पंप ओला आहे हे खरे. पण तो स्वतः गळतो आहे की वरून गळलेले तेल त्याच्यावर पडते आहे, हे अद्याप कोणी पाहिलेले नाही. तेल खाली ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते आणि धुळीत मिसळून सगळीकडे पसरते. म्हणून पाने हाती घेण्यापूर्वी तो भाग थंड असताना तेल काढणाऱ्या द्रावणाने धुवावा व पूर्ण कोरडा होऊ द्यावा. मग इंजिन चालू करून एकाने चाक सावकाश दोन्ही बाजूंना फिरवावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या प्रकाशात निरीक्षण करावे. चाक टोकाला पाच सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवू नये. त्याने तेल अतोनात तापते. निरीक्षण करणाऱ्याने सैल कपडे व हात पट्ट्यापासून दूर ठेवावेत. दाबाच्या नळीवरून उघडे बोट कधीही फिरवू नये, कारण सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरू शकते. ओलाव्याचा जो बिंदू सर्वांत उंचावर आणि सर्वांत आधी दिसेल, तोच गळतीचा उगम मानावा.

हा उगम कित्येकदा अगदी स्वस्त जागी सापडतो. परतीच्या नळीवरचा आवळपट्टा सैल झालेला असतो, किंवा नळीचे टोक कडक होऊन फाटलेले असते. नळीला पुरेशी लांबी असेल तर फाटलेला भाग कापून नवा आवळपट्टा लावला की काम संपते. मात्र ही युक्ती केवळ परतीच्या, कमी दाबाच्या नळीपुरतीच आहे. दाबाची नळी फुटली तर पूर्ण बदलावी, तिला आवळपट्ट्यांनी जोड देण्याचा प्रयत्न करू नये. तिच्या सांध्यातून तेल येत असेल, तर तेथील ओ-रिंग किंवा तांब्याचे वॉशर नवे घालावे. जुने वॉशर एकदा दाबले गेलेले असते, ते पुन्हा नीट बसत नाही. डबा आणि पंप यांमधील शोषण नळीची गळती मोठी फसवी असते. इंजिन चालू असताना त्या नळीत ओढ असल्याने तेल बाहेर न येता हवाच आत जाते, आणि गाडी उभी राहिल्यावर तेल ठिबकू लागते. तेव्हा पंप आवाज करतो, तेलाला फेस येतो, पण चालत्या गाडीत गळती काही सापडत नाही. रॅकच्या दोन्ही टोकांना असलेली रबरी घडीची टोपणे तेलाने फुगलेली आढळली, तर दोष रॅकच्या आतील सीलचा आहे. तेथे पंप बदलून काहीही साध्य होणार नाही.

पंपच गळत असेल, तर त्याचीही एक ओळख आहे. पुलीच्या मागे, जेथे पंपाचा दांडा बाहेर येतो, तेथे ओलावा असतो, आणि फिरत्या पुलीने उडविलेल्या तेलाची एक रेघ बॉनेटच्या आतल्या बाजूस उमटते. हा ऑइल सीलचा दोष होय. सील म्हणजे दांड्याला बिलगून बसणारे रबरी कडे. त्याच्या ओठाला आतून एक बारीक स्प्रिंग आवळून धरीत असते.

सील बदलण्यासाठी पंप उतरवावा लागतो. आधी बॅटरीची जोडणी सोडून डब्यातील तेल उपसून घ्यावे, पट्टा सैल करावा, नळ्या सोडून त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने झाकावीत. पुली पुष्कळदा दाबून बसविलेली असते. तिला हातोड्याने ठोकल्यास आतील चकती व पाती यांना इजा होते, म्हणून ती पुलरनेच काढावी. जुने सील काढताना दांड्यावर ओरखडा उठू देऊ नये. मग दांड्यावरून नख फिरवून पाहावे. सीलच्या जागी नखाला खाच लागली, किंवा दांडा बाजूला हलवून पाहता खेळ जाणवला, तर नवे सील घालून उपयोग नाही. ते काही आठवड्यांतच पुन्हा गळेल. अशा वेळी मात्र पूर्ण पंप बदलणे हेच काटकसरीचे ठरते. कारागिराचा पहिला निर्णय शेवटी बरोबर ठरू शकतो, परंतु तो असा तपासून घेतलेला असावा. दांडा गुळगुळीत असेल, तर नव्या सीलच्या ओठाला तेच तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, सीलच्या बाहेरील व्यासाएवढ्या नळकांड्याने ते सरळ दाबून बसवावे. पंप उघडलाच आहे तर आतील ओ-रिंगही बदलाव्यात. तेलाने भिजलेला पट्टा घसरतो; तोही नवा घालावा.

सुटे भाग चेन्नईत दोन ठिकाणी प्रामुख्याने मिळतात. जनरल पॅटर्स रोडवरील दुकानांत नवे भाग असतात, तर पुदुपेट्टै येथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग विकले जातात. जुना पंप तेथे स्वस्तात मिळतो खरा, पण त्यातील रबरही आपल्या पंपातील रबराइतकेच वयस्क असते. तो घेतल्यास नवे सील घालूनच बसवावा. येथे भाषेची अडचण मात्र फारशी येत नाही. ‘पंप’, ‘बेल्ट’, ‘ऑइल सील’ हे शब्द तमिळ कारागीर आणि मराठी ग्राहक दोघेही सारखेच उच्चारतात.

गळती थांबविणारे म्हणून जे औषध बाटलीत विकले जाते, ते बहुधा रबर फुगवून काम करते. कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस आराम पडतो. फाटलेल्या नळीला किंवा झिजलेल्या दांड्याला पडत नाही. डब्यात ब्रेकचे तेल ओतणे तर सर्वस्वी चुकीचे आहे, त्याने या यंत्रणेतील रबर बिघडते. कोणते तेल घालावे हे डब्याच्या झाकणावर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि सर्व गाड्यांचे तेल एकसारखे नसते.

नवे तेल भरल्यावर आतील हवा काढावी लागते. गाडी सपाट जागी उभी करून, मागील चाकांना अडण लावून, पुढील भाग जॅकने उचलावा व भक्कम आधारांवर टेकवावा. केवळ जॅकवर विसंबून राहू नये. इंजिन बंद ठेवून चाक वीसएक वेळा सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे व मध्ये मध्ये तेल भरीत जावे. बुडबुडे येणे थांबले की इंजिन चालू करून तीच कृती पुन्हा करावी. फेस आलाच, तर इंजिन बंद करून तासभर थांबावे. घाईने इंजिनाची गती वाढविल्यास हवा तेलात आणखी मिसळते. काढलेले जुने तेल गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात साठवून, जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

त्या रात्री पुन्हा स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. सकाळी तो कोरडा दिसला, तरी पहिले शंभर किलोमीटर होईपर्यंत डब्यातील पातळी रोज पाहावी आणि सांध्यांवरून कोरडे फडके फिरवून घ्यावे. पुढच्या डाव्या बाजूस पाण्याचा थेंब आढळला, तर बोटाला लावून पाहावे. तो बहुधा वातानुकूलन यंत्राचा असतो.