आच खालून, आच वरून

भंडारा शहराला 'ब्रास सिटी' म्हणतात. जिल्ह्याच्या सरकारी माहितीतही ही ओळख दिलेली आहे. पितळेचा गुंड, गंगाळ, परात, गंज ही भांडी इथल्या कासारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली. आजही धनत्रयोदशीच्या आसपास भांड्यांच्या दुकानात गेलं की घरातली जुनी मोड तराजूत टाकून तिच्या बदल्यात नवं पितळ वजनावर घेणारी माणसं दिसतात. भांडं हातात धरून त्याचं वजन अजमावायची, बोटानं टिचकी मारून नाद ऐकायची सवय इथल्या माणसाला लहानपणापासून असते. आता मात्र याच घरांत गॅसच्या शेजारी छोटा विजेचा ओव्हन, म्हणजे ओटीजी, येऊन बसला आहे. त्याच्याबरोबर एक नवा प्रश्नही आला आहे. ओव्हनमध्ये भाजायला चालेल आणि बाहेर काढून थेट गॅसवर चढवता येईल, असं एकच भांडं घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

आपला स्वयंपाक कसा चालतो ते बघितलं की या प्रश्नाचं महत्त्व कळतं. आपल्याकडे आधी भाजणं, मग रस्सा. सावजी पद्धतीचं मटण घ्या. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेली ही पद्धत नागपुरात नावारूपाला आली, पण विणकरांच्या वस्तीमुळं पवनी-भंडाऱ्याकडंही तिची चव नवी नाही. तिची सगळी करामत भाजण्यात आहे. जवस, खसखस, खोबरं, खडा मसाला हे एकेक करून कोरडं भाजायचं, कांदा पार तपकिरी होऊ द्यायचा, मग वाटण. झाडीपट्टीतली मोहफुलं घ्या, सुके झिंगे घ्या, चटणीचा जवस घ्या, भाजल्याशिवाय कशालाच चव येत नाही. आणि भाजताना भांड्याच्या बुडाला जो तपकिरी थर धरतो, त्यातच रश्श्याचा जीव असतो. ओव्हनच्या पातळ ट्रेमध्ये मासा किंवा कोंबडी भाजली आणि रस्सा वेगळ्या गंजात केला, तर तो थर घासणीबरोबर मोरीत जातो. म्हणून एकच भांडं हवं. इंग्रजांच्या घरीसुद्धा रविवारचा रोस्ट ओव्हनमधून बाहेर आला की तोच ट्रे शेगडीवर ठेवून त्यात पाणी किंवा वाइन घालतात, बुडाचं सगळं खरवडून सुटं करतात आणि त्याचीच ग्रेव्ही करतात. पद्धत दूरची असली तरी अक्कल तीच आहे.

वरून आच देणं आपल्याला ओव्हननं शिकवलं असंही नाही. चुलीवरच्या भांड्यावर खोलगट झाकणी ठेवून तिच्यात निखारे भरायचे, म्हणजे खालून-वरून सारखी धग लागते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. इंग्लंडात अब्राहम डार्बीनं 1707 साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि पुढं युरोप-अमेरिकेत जाड बिडाची, झाकणावर निखारे राहतील अशी भांडी घरोघरी पोचली. ओव्हनमध्येही चालेल आणि विस्तवावरही चालेल अशा भांड्याची कल्पना अशी बरीच जुनी आहे.

आता धातूंकडं वळू. भंडाऱ्याच्या माणसाच्या मनात पहिल्यांदा पितळच येणार, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते उष्णता छान पसरवतं. स्टेनलेस स्टीलच्या सातपट म्हटलं तरी चालेल. जाड पितळी गंजात वरण किंवा मटण शिजवलं तर एका जागी लागत नाही, ते यामुळंच. पण पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई लागते, आणि भाजण्याच्या कामात अडचण नेमकी तिथं येते. कल्हई करताना कधी जवळ उभं राहून बघा. भांडं घासून लख्ख केलेलं असतं. भात्याच्या वाऱ्यानं कोळसे लाल होतात, सांडशीत धरलेलं भांडं त्यावर फिरतं. ते पुरेसं तापलं की कल्हईवाला चिमूटभर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी आतून टेकवली की तिचं टोक पाण्यासारखं वितळून चकचकीत ओघळ धावतो. कापसाच्या बोळ्यानं तो सगळीकडं पुसून घेतात, भांडं पाण्यात बुडवतात, की झाली चांदीसारखी कल्हई. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे ज्या आचेनं कल्हई चढली, तीच आच ती उतरवूही शकते. भांड्यात रस्सा असला तर काळजी नाही, कारण पाणी असेपर्यंत बूड शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पण रिकामं किंवा कोरड्या जवसाचं भांडं मोठ्या गॅसवर ठेवलं तर काही मिनिटांत ते या आकड्याच्या पलीकडं जातं. ओटीजीचा काटा तर बहुतेक 250 पर्यंत असतो. शिवाय पत्रा जोडून घडवलेल्या भांड्याला झाळ असते, तिलाही असा कोरडा ताव सोसत नाही. म्हणून पितळेवर कितीही जीव असला तरी कल्हईचं भांडं भाजायला घेऊ नये, असं मी स्पष्टच म्हणते. ते रश्श्याचं भांडं आहे, वरणाचं आहे, दूध आटवायचं आहे, आणि त्या कामात त्याला तोड नाही.

मग जर्मन. आपल्या विदर्भात ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. ते हलकं, स्वस्त आणि तापायला पितळेपेक्षाही चपळ. साधं पातळ जर्मन मात्र भाजायला कामाचं नाही: लवकर तापतं, लवकर निवतं, जास्त आचेला बूड वाकतं आणि आंबटाशी त्याचं जमत नाही. कठीण थर दिलेलं, काळपट करड्या रंगाचं 'हार्ड अॅनोडाइज्ड' भांडं यापेक्षा बरंच चांगलं. तीन मिलिमीटरच्या वर जाड असेल आणि मुठी धातूच्या असतील तर ओव्हनमध्येही चालतं. इंडक्शनवर मात्र, बुडाला वेगळी लोखंडी चकती बसवलेली नसेल तर, ते तापणारच नाही.

नॉनस्टिकबद्दल थोडक्यातच सांगते. तो थर 260 अंशांच्या पुढं बिघडायला लागतो आणि कोरडं भाजणं नेमकं त्या सीमेच्या आसपास फिरतं. धिरड्याला, घावनाला खुशाल वापरा. भाजायला नको.

स्टीलचं गणित जरा वेगळं आहे, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा एक धागाही आहे. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॉइलच्या खाणींतून मँगनीज निघतं. मँगनीजचा मोठा उपयोग पोलाद बनवण्यात होतो. बाजारातल्या स्वस्त स्टीलच्या भांड्यांत 200 मालिकेचं स्टील खूप असतं. त्यात महागड्या निकेलचा काही भाग मँगनीजनं भरून काढलेला असतो. 202 क्रमांकाच्या स्टीलमध्ये मँगनीज साधारण साडेसात ते दहा टक्के असतं आणि निकेल चार ते सहा. 304 क्रमांकाच्या स्टीलमध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास असतं, मिठाला आणि आंबटाला ते जास्त टिकतं. म्हणून अंबाडीची भाजी किंवा टोमॅटो घातलेला रस्सा ज्यात तासभर रटरटणार, त्या भांड्याच्या आतली बाजू 304ची असावी, तसा छाप बघून घ्यावा. पण स्टील कितीही चांगलं असलं तरी उष्णता पसरवण्यात ते सगळ्यांत आळशी. एकेरी पत्र्याच्या स्टीलमध्ये गॅसच्या ज्वाळेएवढं गोल काळं होतं आणि कडेचा जवस कच्चाच राहतो. यावर उपाय म्हणून तीन थरांचं भांडं निघालं: आत 304, मध्ये जर्मन आणि बाहेर चुंबकाला चिकटणारं स्टील. मधला थर नुसत्या बुडाला न राहता काठापर्यंत गेलेला हवा. ओव्हनमध्ये कडांनाही आच लागते, तिथं हा फरक जाणवतो.

आणि बीड. ओतीव लोखंड. ते उष्णता पसरवण्यात पितळेच्या निम्म्यानंही नाही, पण त्याच्या जाडीत आणि वजनात धग साठून राहते. थंड मासा टाकला, वाटणाचा गोळा टाकला, तरी ते लगेच निवत नाही. गॅसवर मंद आचेनं दहा मिनिटं तापू दिलं तर काठापर्यंत सारखं तापतं. ओव्हन, गॅस, चूल, इंडक्शन, कशालाच ना म्हणत नाही. त्याच्या अडचणी दोन. चिंच, अंबाडी, टोमॅटो फार वेळ ठेवले तर वरचा तेलकट थर निघतो आणि रस्सा काळवंडतो, म्हणून शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावं. दुसरी अडचण वजनाची. अठ्ठावीस सेंटिमीटरचं बिडाचं भांडं रिकामंच साडेतीन-चार किलोचं भरतं, वर दोन किलो मटण, आणि ते सगळं तापल्या ओव्हनमधून वाकून बाहेर काढायचं. ज्या बाईचं मनगट दुखतं तिच्या गळ्यात हे भांडं मारू नये. तिच्यासाठी तीन थरांचं स्टीलच बरं. माझं स्वतःचं मत मात्र बिडाच्या बाजूनं आहे, कारण भाजण्याचा जो खमंगपणा आपल्याला हवा असतो तो साठलेल्या धगीतून येतो.

ओव्हनला वाटीसारखी गोल कढई नको. आतल्या जाळीवर ती डुलते आणि इंडक्शनवर तर तिचं काम नाहीच. बूड सपाट हवं. दुकानात स्टीलची पट्टी बुडाला आडवी लावून बघा, मधून उजेड दिसला तर ते भांडं परत ठेवा. मूठ लांब दांड्याची नको, दोन्ही बाजूंना दोन कान हवेत, तेही धातूचे आणि रिव्हेटनं किंवा ओतकामातच जोडलेले. प्लास्टिक, लाकूड, बॅकेलाइट यांतलं काही ओव्हनमध्ये जाऊ देऊ नये. झाकणाची घुंडीसुद्धा तपासा, अनेकदा भांडं चांगलं असतं आणि घुंडी दगा देते. उंची सहा-सात सेंटिमीटर पुरे. त्याहून खोल भांड्यात वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी उकडणं होतं, उथळ घेतलं तर रस्सा उतू जातो. काचेचं भांडं ओव्हनमध्ये चालतं म्हणून ते गॅसवर चढवू नका, ज्वाळेच्या एकांगी तापानं ते तडकतं.

चौकोनी मोठे रोस्टिंग ट्रे हल्ली ऑनलाइन मागवले जातात. दोन बर्नरवर आडवे पसरायला ते परदेशातल्या शेगडीला ठीक, कारण तिथं मागचे-पुढचे बर्नर जवळ असतात. आपल्या दोन-तीन बर्नरच्या शेगडीवर मधला भाग थंडच राहतो आणि पातळ पत्रा असेल तर ठण्‌ असा आवाज करून मुरडतो. आपल्याला गोल भांडंच सोयीचं. घरून निघताना ओटीजीची आतली रुंदी आणि खोली मोजून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि भांड्याचं माप कानांसकट घ्या. बरीच फसगत तिथंच होते. खिशात एक छोटं चुंबक असू द्या. बुडाला घट्ट चिकटलं तर इंडक्शनचा प्रश्न मिटला. नाही चिकटलं म्हणजे स्टील वाईट, असं मात्र नाही. चांगलं 304सुद्धा सहसा चिकटत नाही.

घरी आणल्यावर एक परीक्षा जरूर करा. कोरड्या भांड्यात कणकेचा पातळ, सारखा थर पसरा आणि मध्यम आचेवर ठेवा. कणीक कुठं आधी तांबूस होते ते डोळ्यांना दिसतं. मधोमध छोटं काळं वर्तुळ आणि कडा पांढऱ्याच, असं झालं तर बूड पातळ आहे. सगळीकडं हळूहळू एकसारखा रंग चढला तर भांडं कामाचं.

अशा भांड्यात पहिल्यांदा मासाच करावा असं मला वाटतं. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांतला रोहू किंवा मरळ ढिवर बांधवांकडून ताजा मिळतो. भांड्यात तेलावर कांद्याचे जाड काप गॅसवरच तपकिरी करा. त्यावर हळद, मीठ, तिखट आणि भाजल्या जवसाचं वाटण चोपडलेले तुकडे ठेवा आणि भांडं 200 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा. पंधरा-वीस मिनिटांत वरची बाजू सुकते, कडा कुरकुरतात. मासा ताटलीत काढून भांडं परत गॅसवर, त्यात वाटीभर गरम पाणी आणि उरलेलं वाटण. सराट्यानं बूड खरवडत राहा. दोन उकळ्यांत जो गडद रस्सा तयार होतो त्याला वेगळा मसाला लागत नाही. वर गरम भात. कानांना फडकं गुंडाळून ठेवायला विसरू नका. ओव्हनमधून आलेलं भांडं गॅसवर असलं की ते दोन्हीकडून तापलेलं आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला कळत नाही.

बिडाचं भांडं घेतलंत तर त्याला आधी तेल पाजावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं उत्तम तेल आपल्या धानाच्या पट्ट्यात पिकतं. जवसाचं तेल हवेत आणि तापल्यावर सुकून कडक होतं, म्हणून रंग आणि वार्निशमध्येही ते वापरतात. बिडाच्या भांड्याला थर द्यायला परदेशातले खवय्येही तेच शोधून आणतात. भांडं धुऊन पूर्ण कोरडं करायचं, कोमट करायचं, थेंबभर जवस तेल आतून-बाहेरून फडक्यानं चोळायचं आणि मग कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून काढायचं. जाड थर राहिला तर पुढं त्याचे पापुद्रे सुटतात. पालथं घालून ओव्हनमध्ये सगळ्यात जास्त आचेवर तासभर ठेवायचं, खिडकी उघडी असू द्यायची, कारण धूर होतो, आणि आतच निवू द्यायचं. असं चार-पाच वेळा केलं की करडं लोखंड काळं, तुकतुकीत होतं. त्यानंतर साबणात रात्रभर भिजत घालायचं नाही. गरम पाण्यानं धुऊन गॅसवर कोरडं करायचं आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायचं.