वीज वाहणारं प्लॅस्टिक शरीराला चालतं का?

वायरीवर प्लॅस्टिक असतं ते वीज अडवायला. पण १९७७ साली ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलिनवर आयोडीनची प्रक्रिया केली आणि ते चक्क वीज वाहू लागलं. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा जव्हार-मोखाड्याशी काय संबंध? इथल्या पाड्यावरचा पेशंट आधी आरोग्य केंद्रात, मग जव्हारच्या कुटीर रुग्णालयात आणि तिथेही जमलं नाही तर थेट नाशिकला. रक्ताची तपासणी पाड्यावरच झाली, तर कुणाला आधी हलवायचं ते लवकर कळेल. असे छोटे सेन्सर या प्लॅस्टिकपासून बनू शकतात. १९९० च्या दशकात पवईच्या आयआयटी मुंबईत ए. क्यू. कॉन्ट्रॅक्टर आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोज, युरिया ओळखणारे असे सेन्सर बनवले होते.

त्यांनी वापरलं पॉलिॲनिलिन. ते बनवण्याची नेहमीची रीत अशी: ॲनिलिन आम्लात विरघळवायचं, बर्फात थंड ठेवायचं आणि अमोनियम परसल्फेट घालायचं. द्रावण आधी निळं, मग गर्द हिरवं होतं. हे हिरवं रूप वीज वाहतं. (घरी करून बघू नका, ॲनिलिन विषारी आहे.) सेन्सरसाठी विजेच्या मदतीने इलेक्ट्रोडवरच थर चढवतात.

पॉलिॲनिलिनची एक खोड आहे. आम्लता कमी झाली की त्याची वीज वाहण्याची ताकद घटते. गंमत म्हणजे सेन्सर चालतो तो याच खोडीवर! थरात युरिएज नावाचं एन्झाइम अडकवलं की ते युरियापासून अमोनिया बनवतं, आम्लता बदलते, वीज कमी-जास्त होते. तेच मोजायचं.

रक्ताचा थेंब बाहेर काढून तपासला, तर शरीराला त्रास व्हायचा प्रश्नच नाही. खरी अडचण हे प्लॅस्टिक शरीरात बसवताना येते. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे तिथे पॉलिॲनिलिन मंदावणार. शिवाय आत उरलेलं ॲनिलिन पाझरलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. म्हणून ते वारंवार धुतात आणि आधी पेशींवर तपासतात.

शरीरात वापरण्यासाठी पॉलिपायरोल जास्त भरवशाचं वाटतं. १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी त्याच्या थरावर उंदराच्या चेतापेशींसारख्या पेशी वाढवल्या आणि १०० मिलिव्होल्ट वीज दिली. पेशींचे तंतू जवळपास दुप्पट लांब झाले. मात्र पॉलिपायरोल शरीरात विरघळत नाही, आत तसंच राहतं.

मोखाड्यापुरतं बोलायचं तर गाडी अडते एन्झाइमपाशी. उष्णता आणि पावसाळी दमट हवेत ते लवकर निकामी होतं. सेन्सर कितीही स्वस्त झाला, तरी पाड्यावर तो थंड आणि कोरडा ठेवायची सोय लागणारच.